मिठाची बरणी आणि मोबाइलवरची बातमी

आरोग्याच्या बातम्या रोज येतात. पेपरात, टीव्हीवर, मोबाइलवर. काल जे अमृत होतं ते आज विष ठरतं. यातलं घरात काय घ्यायचं आणि दाराबाहेर काय ठेवायचं?

सकाळची साडेसहाची वेळ. गॅसवर चहाचं आधण, एकीकडे डब्याची कणीक मळणं चाललेलं. तेवढ्यात ओट्यावरचा मोबाइल वाजला. आमच्या भिशीच्या ग्रुपवर मेसेज आला होता. पिठाचा हात पुसला आणि वाचला. आयोडीनचं मीठ म्हणजे पांढरं विष आहे, कंपन्यांनी ते आपल्या माथी मारलं आहे, आपल्या आज्या सैंधव खायच्या म्हणून त्यांना बीपी ठाऊक नव्हतं. सैंधव सुरू करा, दीड महिन्यात बीपीची गोळी कायमची सुटेल. खाली परदेशातल्या कुठल्याशा शास्त्रज्ञांचा हवाला, दोन जोडलेले हात आणि शेवटी ‘आपल्या माणसांना नक्की पाठवा’.

मी पाठवला. आपल्या माणसांनाच पाठवला. आमच्या सासरच्या ग्रुपवर. चहा उतू जायच्या आत काम झालं आणि मी ते विसरूनही गेले.

माझ्या मोठ्या जाऊबाई, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, गावाकडे असतात. वय अठ्ठावन्न. सहा वर्षांपासून बीपीची एक गोळी रोज सकाळी घेतात. म्हणजे घेत होत्या. त्यांनी तो मेसेज वाचला, बाजारातून सैंधव आणवलं आणि गोळीचं पाकीट देवघराच्या फळीवर ठेवून दिलं. वर ‘हे मीठ बाधत नाही’ म्हणून ताकात, कोशिंबिरीत, पिठल्यात सढळ हातानं घालायला लागल्या. दीड महिन्यानं, गौरीच्या ऐन धांदलीत, पुरणाच्या पाटावरून उठताना त्यांना भोवळ आली. डोकं ठणकायला लागलं, बोलताना जीभ जड झाली. पुतण्यानं गाडीत घालून तालुक्याला नेलं. बीपी दोनशेच्या वर होतं.

आक्का वाचल्या. आज ठणठणीत आहेत. पण डॉक्टरांनी त्यांना विचारलं, “गोळी कुणी बंद करायला सांगितली?” त्यावर त्या जे बोलल्या, ते पुतण्यानं मला फोनवर सांगितलं आणि मी मटकन खालीच बसले. आक्का म्हणाल्या होत्या, “आमच्या धाकट्या जावेनं पाठवलं होतं. ती शिकलेली आहे हो, उगाच नाही पाठवायची.”

मैत्रिणींनो, त्या दिवशी मला एक गोष्ट लख्ख कळली. आक्कांनी त्या मेसेजवर विश्वास ठेवलाच नव्हता. तो लिहिणारा कोण, कुठला, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नाही. त्यांनी विश्वास ठेवला होता माझ्यावर. बातमी कुणीतरी अनोळखी माणसानं लिहिली होती आणि तिच्याखाली जामीन म्हणून सही मी केली होती. न वाचता!

सैंधवाचं खरं काय?

त्यानंतर मी चिकाटीनं वाचायला बसले. डॉक्टरांना विचारलं, पुस्तकं चाळली. पहिली गोष्ट समजली ती ही की, सैंधव म्हणजे शेंदेलोण हेही मीठच. खाणीतून निघतं म्हणून रंग गुलाबी, चव जरा वेगळी. पण त्यातही बहुतेक सगळं सोडियम क्लोराईडच असतं, आपल्या साध्या मिठात असतं तेच. बाकीची खनिजं असतात, पण ती इतकी थोडी की चिमूटभर मिठातून त्यांचा म्हणावा असा उपयोग होत नाही. बीपी वाढवतं ते सोडियम. ते गुलाबी खड्यातून आलं काय किंवा पांढऱ्या पिठीतून आलं काय, शरीराला त्याचं सोयरसुतक नाही.

उपवासाला सैंधव वापरण्याची आपली रीत आहे, ती वापरावी. त्यात काही वावगं नाही. पण ‘हे मीठ नव्हेच’ असं समजून दुप्पट घालणं, यात घोटाळा होतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही पुरता भरलेला नाही. यात भाजी-आमटीतलं मीठ आलं, आणि लोणचं, पापड, फरसाण, वेफर्स, बिस्किटं, पाव, सॉस यांतलंही आलं. आता आपल्या ताटाकडे बघा आणि मनाशी हिशेब करा. जेवताना पानात डाव्या बाजूला वाढलेलं मीठ तर आपण हिशेबातच धरत नाही!

बीपी हे दुसऱ्या कुणाचं दुखणं आहे, असंही समजू नका. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरच्या बायकांपैकी २१.३ टक्के जणींचं बीपी वाढलेलं होतं किंवा त्यासाठी औषध चालू होतं. म्हणजे भिशीला दहा जणी जमलो तर त्यात दोघी. आणि हे दुखणं मुकं असतं. डोकं दुखत नाही, पोट दुखत नाही. १४०/९० च्या वर आकडा गेला तरी बाई झाडलोट करते, पाणी भरते, मुलांचे डबे करते. म्हणून तर गोळी सोडायचा मोह होतो. ‘मला काही होत नाही, मग गोळी कशाला?’ अहो, काही होत नाही ते गोळी चालू आहे म्हणूनच!

मग आयोडीन कशासाठी?

आता मेसेजचा दुसरा भाग. आयोडीनचं मीठ खरंच कुणी माथी मारलं का? याची गोष्ट मला फार आवडली. म्हणून ती सांगतेच.

हिमालयाच्या पायथ्याशी, आजच्या हिमाचल प्रदेशात कांगडा खोरं आहे. तिथे पूर्वी घरोघरी गलगंड असायचा. गळ्याशी मोठी गाठ. पाऊस आणि नद्या डोंगरातल्या मातीतलं आयोडीन वाहून नेतात, मग ते धान्यात येत नाही, भाजीत येत नाही. आयोडीन कमी पडलं की गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजते. गर्भार बाईला ते कमी पडलं तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. मूल मुकं, बहिरं, मतिमंद जन्माला येऊ शकतं.

डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये या खोऱ्यात एक प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीनचं मीठ पुरवलं, मधल्या भागात साधं. वस्ती सगळी मिळून एक लाखाच्या वर. आणि मग त्यांनी काय केलं? वाट बघितली. एक-दोन आठवडे नव्हे, वर्षानुवर्षं. पाच-सहा वर्षांनी शाळांमधल्या मुलांचे गळे पुन्हा तपासले. आयोडीनचं मीठ खाणाऱ्या दोन्ही भागांत गलगंड चांगलाच घटला होता. साध्या मिठाच्या भागात तो होता तिथेच होता. हे दिसल्यावर त्या तिसऱ्या भागालाही आयोडीनचं मीठ देण्यात आलं, आणि तिथलाही गलगंड उतरला.

१९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे कांगड्याचा मोठा आधार होता. म्हणजे आपल्या बरणीतल्या मिठाच्या पाठीमागे एक लाख माणसं आणि कितीतरी वर्षांची तपासणी उभी आहे. मेसेजच्या पाठीमागे काय होतं? दोन जोडलेले हात.

मोठ्या माणसाला दिवसाला आयोडीन लागतं किती? १५० मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांच्या आयुष्याची बेरीज केली तरी चहाचा चमचा भरत नाही. पण ते रोज लागतं, थोडं थोडं. गर्भार बाईला जास्त, २५० मायक्रोग्रॅम. म्हणून घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर स्वयंपाकाचं मीठ बदलून आयोडीन नसलेलं सैंधव आणणं हा आरोग्याचा उपाय नव्हे. मीठ आयोडीनचंच ठेवा, फक्त कमी खा. दोन्ही गोष्टी एका वेळी होतात.

आणखी एक. मिठाची बरणी शेगडीच्या शेजारी उघडी ठेवू नका. ओल आणि उष्णतेनं त्यातलं आयोडीन कमी होत जातं. घट्ट झाकणाची बरणी घ्या, फळीवर जरा लांब ठेवा.

पंधरा माणसं आणि चॉकलेट

तुम्ही म्हणाल, मोबाइलवरच्या मेसेजचं सोडा, पेपरात छापून आलेलं तरी खरं असेल ना? या प्रश्नाचं उत्तर देणारी गोष्ट जर्मनीत घडली आहे.

२०१५ मध्ये तिकडच्या ‘बिल्ड’ या प्रचंड खपाच्या दैनिकात पहिल्या पानावर बातमी आली की चॉकलेट खाल्लं तर वजन लवकर उतरतं. बघता बघता ती कितीतरी देशांतल्या पेपरांत आणि टीव्हीवर पोचली. कुणाला नको असेल अशी बातमी? बायका तर खूशच झाल्या असतील. आपणही झालो असतो.

काही आठवड्यांनी जॉन बोहॅनन नावाच्या विज्ञान पत्रकारानं स्वतःच सांगितलं की हा सगळा बनाव होता. पेपरवाले अशा बातम्या तपासतात का, हे बघायला त्यानं आणि एका जर्मन माहितीपट करणाऱ्या जोडीनं मुद्दाम रचलेला. प्रयोग खोटा नव्हता बरं का. माणसं खरी होती, आकडे खरे होते. पण माणसं होती फक्त पंधरा, आणि काळ होता तीन आठवडे. त्यांचे तीन गट केले. एका गटाला कमी पिष्टाचा आहार, दुसऱ्या गटाला तोच आहार आणि रोज थोडं कडू चॉकलेट, तिसरा गट नेहमीसारखा. आणि मोजल्या किती गोष्टी? अठरा! वजन, कोलेस्टेरॉल, झोप, रक्तातलं हे आणि ते.

यातली गोम अशी. जत्रेत आपण वस्तूंवर रिंगा टाकतो. एक रिंग टाकली तर ती बसेलच असं नाही. पण अठरा टाकल्या तर एखादी कुठल्या तरी साबणाच्या वडीवर बसतेच. मग नेम चांगला म्हणायचा का? इथेही तेच झालं. माणसं इतकी थोडी आणि मोजमापं इतकी जास्त की कशात ना कशात फरक दिसणारच होता. तो योगायोगानं वजनात दिसला. एका मासिकानं ६०० युरो घेऊन तो लेख छापला. ज्या संस्थेच्या नावानं तो लिहिला होता ती संस्था म्हणजे एक वेबसाइट होती, बाकी काही नाही. आणि बहुतेक पेपरवाल्यांनी किती माणसांवर प्रयोग केला हे विचारलंच नाही.

आता शेजारी शेजारी ठेवून बघा. कांगड्यात एक लाख माणसं आणि अनेक वर्षं. चॉकलेटच्या प्रयोगात पंधरा माणसं आणि तीन आठवडे. दोन्हीला लोक ‘संशोधन’च म्हणतात! म्हणून ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं’ हे शब्द दिसले की आपण एवढंच विचारायचं, किती माणसांवर आणि किती दिवस? भाजीवालीला भाव विचारताना आपण लाजतो का? मग इथे का लाजायचं?

आकडा खरा, पण अर्धा

कधी कधी बातमी शंभर टक्के खरी असते आणि तरीही ती घात करते. ऑक्टोबर १९९५ मध्ये इंग्लंडमध्ये सरकारी समितीनं इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका दुपटीनं वाढतो. दुपटीनं! पेपरांत मोठाले मथळे आले. बायका घाबरल्या, कितीतरी जणींनी गोळ्या एकदम बंद केल्या. नको असताना दिवस गेले. पुढच्या वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३ हजार गर्भपात जास्त झाले, असं नंतर सांगितलं गेलं.

‘दुपटीनं’ म्हणजे काय होतं? जुन्या गोळीनं सात हजार बायकांमध्ये साधारण एकीला हा त्रास व्हायचा, नव्या गोळीनं दोघींना. एकाचे दोन म्हणजे दुप्पटच. बातमी खोटी नव्हती. पण ‘सात हजारांत एकीच्या जागी दोघी’ असं लिहिलं असतं तर इतकी घबराट झाली असती का? शिवाय गरोदरपणात आणि बाळंतपणातही रक्ताच्या गाठीचा धोका असतोच, आणि तो गोळीपेक्षा जास्त असतो. म्हणजे ज्या भीतीनं गोळी सोडली, तिच्याच तोंडी बायका जास्त गेल्या.

आपण घर चालवणाऱ्या बायका. ‘पन्नास टक्के सूट’ असा फलक दिसला की आपण आधी मूळ किंमत बघतो. वीस रुपयांच्या वस्तूवर पन्नास टक्के आणि दोन हजारांच्या साडीवर पन्नास टक्के, यातला फरक कुणी आपल्याला शिकवायला नको. आरोग्याच्या बातमीतही हेच करायचं. धोका दुप्पट झाला? म्हणजे कितीचा किती झाला, बाई?

दहा हजार पावलं कुठून आली?

हल्ली मोबाइल आपली पावलं मोजतो. लेकानं मनगटावर घड्याळ बांधून दिलं की तेही मोजतं. आमच्या भिशीत तर यावरून चुरस लागते. संध्याकाळी दहा हजार भरली नाहीत तर काही जणी जेवणानंतर अंगणात गोल गोल फिरतात. आणि ज्यांना गुडघेदुखीमुळे ते जमत नाही, त्या ‘आपल्याच्यानं काही होणार नाही’ म्हणून चालणंच सोडतात.

तर हा दहा हजारांचा आकडा आला कुठून? डॉक्टरांच्या तपासणीतून नव्हे. १९६५ मध्ये जपानमधल्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला आणलं. नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आदल्याच वर्षी टोकियोत ऑलिंपिक झालं होतं, लोकांना व्यायामाची हौस लागली होती. नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि आकडा जगभर गेला.

तपासणी झाली ती फार नंतर, आणि ती आपल्यासारख्या बायकांवर झाली हे विशेष. अमेरिकेत हार्वर्डच्या डॉ. आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी १६,७४१ बायकांची पावलं यंत्रानं मोजली. बायकांचं सरासरी वय ७२. मग सरासरी चार वर्षांहून जास्त काळ त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आला. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्या बायकांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. पावलं वाढत गेली तसा फायदा वाढत गेला, पण साडेसात हजारांच्या आसपास तो थांबला. त्यापुढे चालून जास्तीचा लाभ दिसला नाही.

आता शिकलेली युक्ती इथेही वापरू. माणसं किती? सोळा हजारांवर. दिवस किती? चार वर्षं. छान. पण एक शंका उरतेच. ज्या मुळात धडधाकट, त्या जास्त चालतात, असंही असेल ना? संशोधकांनी हा फरक हिशेबात धरायचा प्रयत्न केला आहे. तरी अशा पाहणीतून ‘चाललं म्हणूनच जगल्या’ असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. चांगलं संशोधन आपल्या मर्यादा स्वतःच सांगतं. जाहिरात कधीच सांगत नाही. खऱ्या-खोट्याची ही एक सोपी खूण आहे.

यातून आपल्यासाठी निरोप मात्र दिलासा देणारा आहे. दहा हजार झाली नाहीत म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही. आज तीन हजार होत असतील तर पुढच्या महिन्यात चार हजार करू. दूध आणायला गाडी न काढता पायी जाऊ. देवळाला एक प्रदक्षिणा जास्त घालू. तेवढंही कामी येतं.

पुढे ढकलण्याआधी

आक्कांच्या प्रसंगानंतर मी स्वतःपुरते काही नेम केले. आमच्या भिशीनंही ते आता मान्य केले आहेत. तुम्हाला पटले तर घ्या.

पहिला. मेसेजच्या वर दोन बाणांची खूण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असं दिसलं की समजायचं, हा पाच किंवा त्याहून जास्त हातांमधून फिरत आला आहे. लिहिणारा कोण हे आता कुणालाच ठाऊक नाही. असा मेसेज एका वेळी एकालाच पाठवता येतो, अशी सोय व्हॉट्सअ‍ॅपनं एप्रिल २०२० मध्ये केली. ती सोय म्हणजे ‘बाई, जरा थांब’ असं सांगणंच आहे.

दुसरा. ‘कायमचा बरा’, ‘गोळी बंद’, ‘डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत’, असं लिहिलेलं असेल तर तिथेच थांबायचं. आपल्याकडे १९५४ पासून कायदा आहे. मधुमेह, बीपी, गलगंड, लठ्ठपणा, कर्करोग असे आजार बरे करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला त्यानं बंदी आहे. म्हणजे असा दावा छापणाराच मुळात कायद्याच्या बाहेर उभा आहे. पेपरात बातमीसारखाच मजकूर असतो, पण कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘जाहिरात’ असं लिहिलेलं असतं. तो कोपराही बघायचा.

तिसरा. व्हिडिओत डॉक्टर स्वतः बोलताना दिसले तरी लगेच हुरळून जायचं नाही. आता यंत्रानं कुणाचाही चेहरा आणि आवाज हुबेहूब बनवता येतो. नामांकित डॉक्टरांचे असे बनावट व्हिडिओ काढून औषधं विकली गेली आहेत. मोठ्या डॉक्टरांनी घाईघाईनं ‘आजच मागवा’ म्हणून सांगितलं की शंका घ्यायची.

चौथा, आणि सगळ्यांत महत्त्वाचा. चालू असलेली गोळी मेसेज वाचून बंद करायची नाही, आणि दुसरीला बंद करायला लावायची नाही. बीपीची असो, शुगरची असो, थायरॉइडची असो. शंका आली तर गोळीचं पाकीट आणि मेसेज दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जायचं. ते लांब असतील तर आरोग्य उपकेंद्रात जाऊन बीपी मोजून यायचं. आशाताईंना विचारायचं. त्यात कमीपणा नाही. हल्ली कमी सोडियमचं मीठ मिळतं, तेही विचारूनच घ्यायचं. त्यात पोटॅशियम असतं आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांना किंवा काही औषधं चालू असणाऱ्यांना ते बाधू शकतं.

आणि पाकिटांचं सांगते. फरसाण, सूप, नूडल्स यांच्या पाकिटामागे सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये लिहिलेला असतो. त्याला अडीचनं गुणा, मीठ किती ते कळतं. शंभर ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. दिवसाच्या पाच ग्रॅममधले दोन ग्रॅम तिथेच संपले! हे गणित मी मुलांना शिकवलं. आता दुकानात तेच पाकीट उलटं करून बघतात.

आक्कांचा फोन

गौरी-गणपती उरकल्यावर मी गावी गेले. आक्कांच्या पायाशी बसले आणि म्हणाले, “आक्का, चूक माझी. मी न वाचता पाठवलं.” त्या हसल्या. “अगं, तू मुद्दाम का पाठवलंस? माझ्या काळजीनंच पाठवलंस ना?” म्हणाल्या. आणि हेच तर खरं आहे, मैत्रिणींनो. आपण हे मेसेज कुणाचं वाईट व्हावं म्हणून पाठवत नाही. मायेपोटी पाठवतो. नणंदेला, जावेला, बहिणीला, विहिणीला. आणि माया असते म्हणूनच त्या विश्वास ठेवतात. घरातल्या बाईच्या शब्दाला किती वजन असतं हे आपल्यालाच ठाऊक नसतं. म्हणून तर तो शब्द स्वस्तात द्यायचा नाही.

हल्ली आक्का मला अधूनमधून फोन करतात. “हे बघ, एक आलंय. कांद्याचा रस आणि शुगर. खरं का गं?” मी म्हणते, “आक्का, किती माणसांवर केलंय ते लिहिलंय का?” पलीकडे जरा वेळ शांतता. चष्मा लावून वाचत असतात. मग म्हणतात, “नाही बाई, नुसते हात जोडलेत.”

“मग?”

“मग काय, पुसून टाकते. आणि हो, गोळी घेतली गं आजची. तू विचारायच्या आधीच सांगते.”